शेपटापुढचं वाक्य

रिठद,
१६ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "बाबांनी माझं नाटक वाचलं आणि त्यांना आवडलं." ते खरं नाही. बाबांनी नाटक वाचलेलं नाही, त्यांनी फक्त त्यांची नक्कल वाचली आहे. आणि "आवडलं" असंही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "बरं हाये. वाक्यं लहान हायेत, पाठ होतीन." पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंतच मला हे टोचायला लागलं होतं. फोनवर बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सावरून घेता आलं असतं. पण तुझे कान गेल्यापासून आपल्याला पत्रंच उरली, आणि पत्रात लिहिलेलं खोटं जागचं हलत नाही.

पुढचं तू माझ्या जन्माच्या आधीपासून जाणतेस. तरी लिहिते, कारण माझी चूक नेमकी कुठे आहे ते मलाच मांडून बघायचं आहे. आपल्या मंडळात अजून उकंडराव काकांचाच कायदा चालतो. अख्खं नाटक एकट्या त्यांच्याजवळ, बाकी प्रत्येकाला आपापली नक्कल. तिच्यात स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे शेपूट. शेपूट ऐकू आलं की आपण सुरू व्हायचं. समोरचा त्याआधी काय बोलला हे मोठ्या तालमीपर्यंत कोणाला कळत नाही. मी काकांना म्हटलं, आता झेरॉक्स आहे, सगळ्यांना पूर्ण प्रत देऊ. तर म्हणाले, "पोरी, अख्खं नाटक देलं का हरेक जण दुसऱ्याचं वाक्य सुधरवत बसते. आपापलं पाठ करा, गुमान."

त्या कायद्याच्या आड मी लपले आहे, आत्या. नाटक मैना नावाच्या एका मुलीचं आहे. मंडळातल्या अर्ध्या माणसांना वाचता येत नाही म्हणून ती त्यांना नकला वाचून दाखवते, त्यांच्याकडून घोकून घेते. सगळ्यांची कामं तिला पाठ. शिवरात्रीच्या जत्रेत राणीचं काम करणारा माणूस ऐन वेळी आजारी पडतो. मैना राणीचं लुगडं नेसून पडद्याआड येऊन उभी राहते, आणि तिचा मोठा भाऊ देवमन तिला तिथेच अडवतो.

देवमनचं काम बाबा करणार आहेत. दुसरं कोणी मिळेना, म्हणून काकांनी त्यांना गळ घातली. तरुणपणी ते मंडळात होते एवढं मला ठाऊक होतं. तुझं लग्न झालं त्या साली त्यांनी ते का सोडलं, हे आईलाही ठाऊक नाही. मी गावाचं नाव बदललं, राणीची गोष्ट बदलली, आणि बाबांच्या हातात तर तुकडेच आहेत. त्यांना काही ओळखू आलं असेल असं वाटत नाही. रोज सकाळी वांगी तोडताना स्वतःशी पुटपुटत असतात.

तुझी गोष्ट मी तुला न विचारता घेतली. आईने तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. आई आजारी असताना मी कारंज्याला तुझ्याकडे राहिले, शाळेत जायच्या आधी तू मला जुन्या नकलांवरून वाचायला शिकवलंस, तेव्हाही तू यातलं काही सांगितलं नव्हतंस. आठवतं का, पहिलीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तर मी प्रत्येक वाक्यानंतर थांबून वर्गाकडे बघायचे? मला वाटायचं, आता समोरून कोणीतरी बोलेल.

पूर्ण नाटक पाठवायची हिंमत होत नाही. मैनेची नक्कल सोबत जोडली आहे. तिचं काम देशमुखांची रुचिका करणार आहे. मुलीचं काम मुलगीच करणार म्हटल्यावर गावात आता कोणी भुवया उंचावत नाही. रागावलीस तर तसं लिही. गप्प राहू नकोस.

तुझी,
योगिनी


कारंजा,
२७ डिसेंबर २०२५

योगे,

नरेंद्रने पाकीट आणून दिलं आणि मोठ्याने विचारलं, म्हणजे त्याचं तोंड मोठं उघडलं म्हणून मला समजलं, "आई, एवढं जाड काय आलं?" म्हटलं, नाटकात काम आलं मला. म्हणतो, "कोणाचं?" म्हटलं, "माह्यंच." सून हसली. तो हसला नाही, चष्मा आणून दिला.

नक्कल वाचली. दोनदा वाचली. जुनी सवय, आधी नुसती शेपटं वाचत गेले. मग मैनेची वाक्यं. मधल्या रिकाम्या जागा माझ्या मीच भरल्या, त्याला मला पेन लागत नाही.

तुझ्या चुका सांगते, तुला दुरुस्त्यांची हौस आहे म्हणून. लुगडं तू लिहिलंस तसं माझ्या आईचं नव्हतं, मंडळाचं होतं आणि त्याला हेमसिंगच्या बिडीचा वास येत होता. राणीचं काम तोच करायचा. तांड्यावरचा पोरगा, काय देखणा! बायका त्याच्याकडून डोक्यावरचा पदर सावरायला शिकायच्या. त्याला ताप आला नव्हता, गालगुंड झालं होतं. डावीकडून बघावं तर राणी, उजवीकडून भोपळा. तरी म्हणे, मी सगळा वेळ डावीकडूनच उभा राहतो. हे तू नाटकात घाल. लोक हसले पाहिजेत, नाहीतर पुढे रडणार नाहीत.

मैना घाबरली होती असं लिहिलंस. मी घाबरले नव्हते. मला भूक लागली होती. दिवसभर शिवरात्रीचा उपास होता आणि मी सगळ्यांना पाठ देत बसले होते.

आता देवमन. त्याचं शेपूट तू लिहिलंस, "... बाहेर येऊ नको." त्यावर मैना म्हणते, "बरं दादा." शेपूट बरोबर आहे. पण धड कोणाचं जोडलंस? तुझ्या आईला ठाऊक नाही, ती तेव्हा त्या घरात आलीच नव्हती. मग तुला कोणी सांगितलं? कळव.

दादाले सांगू नको. पत्रात मी पुस्तकासारखं लिहिते, पण हे तसं लिहिता येत नाही. पाठ होऊ दे त्याले. बोलू दे साऱ्या गावासमोर. तवा गाव पडद्याच्या तिकडं होतं, आयकलं फकस्त म्या.

थंडी फार आहे. वांग्यांवर औषध फवारताना तोंड बांधत जा.

आत्या


रिठद,
११ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. थंडीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बोटं इतकी बधिर होतात की संध्याकाळी पेन धरलं तर अक्षर दुसऱ्याच कोणाचं वाटतं. बोटांना मी उगीच दोष देते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मन होत नव्हतं.

धड मी जोडलं. मला कोणी सांगितलं नाही. आईला एवढंच माहीत होतं की बाबांनी तुला अडवलं. मी लिहिलं: "तू बाईची जात. या घरातली बाई आजवर लोकांसमोर उभी राहिली नाही आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर राहणार नाही. बाहेर येऊ नको." लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. टाळ्यांचं वाक्य आहे असं वाटलं. आता वाटतं, ते मी देवमनसाठी लिहिलंच नाही. मैनेला गप्प करायला मला एक जड दगड हवा होता, तो मी त्याच्या हातात दिला.

मी थकले आहे, आत्या. शेतातल्या कामाने थकणं वेगळं, ते झोपलं की जातं. रिसोडच्या वाचनालयातून पुस्तकं आणते, बाजारात भाजीच्या पोत्यामागे बसून वाचते. गिऱ्हाईक "मेथी कशी देल्ली?" विचारतं तेव्हा पान तसंच राहतं. पूर्वी पुस्तक संपलं की भरल्यासारखं वाटायचं. आता प्रत्येक पुस्तक मला कोणाची तरी नक्कल वाटते. सांगणाऱ्याची वाक्यं पूर्ण, बाकी सगळ्यांची शेपटं. मला वाटायचं, नाटक लिहिणारा तरी यातून सुटत असेल, त्याच्याजवळ सगळ्यांचे शब्द असतात. पण माझ्या नाटकात सगळे माझ्याच आवाजात बोलतात. मैना मी, देवमन मी, आजारी राणीही मीच. रात्र पडली की वाटतं, हे टाकून द्यावं आणि नुसती वांगी विकावी. वांगं निदान मी म्हणते म्हणून कडू होत नाही.

तू लिहिलंस, सांगू नको. ते वाचून आधी मला सुटल्यासारखं झालं, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटली. तू म्हणालीस म्हणून गप्प बसायचं हे सोयीचं आहे.

आणि आता एक नवीनच डोकेदुखी झाली आहे. सध्या जोडीजोडीच्या तालमी चालू आहेत, शाळेच्या पडवीत. बाबा आणि रुचिका समोरासमोर उभे राहतात. बाबांची बाकी सगळी वाक्यं पाठ आहेत, पण त्या एका वाक्यात रोज घोळ होतो. "बाहेर येऊ नको" म्हणून झालं की ते थांबत नाहीत, खालच्या आवाजात पुढे बोलतच राहतात. तिकडे शेपूट ऐकून रुचिका "बरं दादा" म्हणते आणि दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळतात. काल ती वैतागून म्हणाली, "काका, तुमचं शेपूट झालं ना आता!"

"झालं वं बाई," बाबा म्हणाले. "तोंड थांबत नाही."

उकंडराव काका पेटीवरून ओरडले, "रंगराव, बैल गोठ्यात आला, आता कायले हाकलून राह्यला?"

सगळे हसले. बाबाही हसले. परत घेतलं, परत तेच.

ते काय बोलतात हे पडवीत कधी ऐकू येत नाही. आज सकाळी मळ्यात ऐकू आलं. मी पलीकडच्या सरीत होते, त्यांना दिसत नव्हते. माझं ते जड वाक्य त्यांनी एका दमात, एखादं औषध घ्यावं तसं म्हटलं आणि मग अगदी हळू म्हणाले, "पुढल्या शिवरातीले मीच घेऊन येतो तुले."

हे माझ्या नाटकात कुठेच नाही. त्यांच्या तरुणपणच्या एखाद्या नाटकातलं जिभेवर राहिलं असेल. तुला सगळी नाटकं पाठ आहेत, कोणत्यातलं आहे ते आठवतं का? काका म्हणतात, वय झालं, रंगरावाच्या डोक्यात नाटकं एकमेकांत मिसळायला लागली. काम मंडळातल्या गोपालला द्यावं का असा विचार चालू आहे. तो आवाजाने लहान आहे, पण शेपटावर थांबतो.

लवकर लिही.

तुझी,
योगिनी


कारंजा,
२० जानेवारी २०२६

योगे,

ते कोणत्याच नाटकातलं नाही.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. त्यानंतर मी भाकरी जाळली, नरेंद्रच्या चहात मीठ टाकलं. सून म्हणाली, "आत्याबाई, गावाकडून काही वाईट आलं का?" तिच्या ओठांवरून वाचलं. म्हटलं, "नाही. जुनं आलं."

तू विचारलं नाहीस ते आता सांगते. दादा बाईच्या जातीचं वगैरे काही बोलला नव्हता. त्याला एवढं लांब बोलता येत असतं तर त्याला राजाचं काम मिळालं असतं, तो कायम शिपायाचं करायचा. पेट्रोमॅक्सची बत्ती फुरफुरत होती, मंडळातले सगळे लांबून आमच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "लोक हासतीन. बाहेर येऊ नको." एवढंच. मी बरं म्हटलं. मग हेमसिंग एका गालाने बाहेर गेला आणि सगळी माणसं पडद्याच्या फटीला जाऊन चिकटली. दादा परत माझ्याजवळ आला. त्याच्या हातात भाला होता, लाकडी, त्याचं टोक माझ्या लुगड्यात अडकलं. ते सोडवता सोडवता म्हणाला, "पुढल्या शिवरातीले मीच घेऊन येतो तुले." माझ्याकडे न बघता म्हणाला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या फुफाजींना, माझ्या नवऱ्यालाही नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. पुढच्या शिवरात्रीला मी सासूला आधीच सांगून ठेवलं होतं की भाऊ न्यायला येणार. तिने नाही म्हटलं नाही. थैली भरली, ओट्यावर बसले. वाशिमकडून एक गाडी आली, मग दुसरी आली. तेव्हा माझे कान असे तिखट होते की स्टँडवरची गाडी मला घरी ऐकू यायची. संध्याकाळी सासू बाहेर आली, माझ्या हातातून थैली घेतली, आत नेऊन खुंटीला अडकवली. ती बरी बाई होती.

तो काहून आला नाही, मले ठाऊक नाही. नंतर लग्नात भेटलो, बारशाला भेटलो, तुझ्या आजोबांच्या तेराव्याला भेटलो. तूर कशी, पाऊस कसा, हेच बोललो. तो विसरला असं मी धरून चालले. विसरलेल्या माणसावर राग धरणं सोपं जातं, तो उलटून काही म्हणत नाही. आणि त्या सालापासून त्यानेही मंडळात पाय ठेवला नव्हता हे मला तुझ्या पत्रातून कळतं आहे. मला वाटत होतं तो मजेत भाला घेऊन उभा राहत असेल.

तुला वाटतं सगळ्या पुस्तकांत एकाचीच नक्कल असते. पुस्तकांचं काय घेऊन बसलीस? माझ्याजवळही माझीच आहे. त्याची शेपटं ऐकली आणि "बरं दादा" म्हणत गेले. मधल्या जागा रागाने भरल्या, त्या गच्च भरल्या म्हणून मला वाटलं मला सगळं नाटक माहीत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, त्याला सांगू नको, गावासमोर बोलू दे. ते खोडते. पत्र काढ आणि त्यावर काट मार.

गोपालले ते काम देऊ नको. दादाचं डोकं मिसळलं नाही. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असंल.

आत्या

मला यायला सांगू नको. येऊन काय ऐकणार?


रिठद,
२९ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी मोटारीच्या खोलीत बसून वाचलं. विहिरीवरची मोटार चालू होती, त्या आवाजात मला एकदा रडून घेता आलं. मग तू सांगितलंस तसं मागच्या पत्रावर काट मारली. काट मारली तरी खालचं वाचता येतं, पण तुझा शब्द पाळला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. महिनाभर बाबा माझं ते वाक्य पाठ करत होते. मी त्यांच्या तोंडात घातलेलं, त्यांनी जन्मात न बोललेलं. सख्ख्या मुलीला आपण असे वाटतो, हे त्यांनी वांग्याच्या सरीत रोज घोकलं, आणि तक्रार केली ती एवढीच की तोंड थांबत नाही. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, "हे काहून लिहिलं?" मी एवढी बारीकसारीक खोट्याची भीती बाळगणारी. "आवडलं" हा शब्द चुकला म्हणून तुला पानभर दुरुस्ती लिहून पाठवणारी. आणि हे मोठं खोटं मी टाळ्यांसाठी लिहून मोकळी झाले.

परवा मळ्यात वांग्यांच्या सरीत आम्ही दोघंच होतो, आई पलीकडे जुड्या बांधत होती. मी बोलायचं ठरवूनच गेले होते. पण आधी बाबांनीच विषय काढला. टोपलं पालथं घालून त्यावर बसले आणि म्हणाले, "शिवरातीले प्रयाग येईन का?"

मी म्हटलं, "आत्याला ऐकू येत नाही, बाबा. येऊन काय करेल ती?"

"पाहीन. तिले सारं पाठ असते. ओठ हालले का समजते तिले."

मग बराच वेळ ते हातातल्या वांग्याचा देठ खुडत बसले. आई तिकडून ओरडली, "अवो, तोडून राह्यले का कुरवाळून राह्यले? बाजार उठून जाईन!" तरी उठले नाहीत. म्हणाले, "मीच जातो कारंज्याले. पुढल्या बुधवारी जातो. फोन करून काय करू, तिले आयकू येत नाही."

मी म्हटलं, "जा ना."

"तिनं मले हाकलून देलं तं?"

"नाही देणार."

"तुले काय माहीत? देईन बी." आणि मग, वर न बघता, "योगे, त्या वाक्यापुढं काहीच नाही का वं तुह्या नाटकात?"

"कोणतं वाक्य, बाबा?"

"काही नाही," म्हणाले आणि टोपलं उचलून पुढच्या सरीत गेले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी दोन दिवस बसून तो प्रवेश पुन्हा लिहिला. माझं जड वाक्य काढलं. देवमन आता म्हणतो, "लोक हासतीन. बाहेर येऊ नको." मग माणसं फटीकडे जातात, भाला लुगड्यात अडकतो, आणि तो पुढचं म्हणतो. हेमसिंगचं गालगुंडही घातलं. उपासाची भूकही. पुढचा प्रवेश नवा आहे: मैना थैली घेऊन ओट्यावर बसली आहे, रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला देवमन आपल्या घरी आहे. मैनेची वाक्यं तुझ्या पत्रातली आहेत. देवमनची जागा मी कोरी ठेवली. ती मला भरता येते, हातही शिवशिवतो, तीन-चार छान कारणं सुचलीही. ती सगळी खोटी असतील.

उकंडराव काकांकडे गेले आणि सांगितलं की मोठ्या तालमीआधी मी एका माणसाला अख्खं नाटक वाचून दाखवणार आहे. ते चिडले. "कायदा मोडून राह्यली तू. आज रंगरावले दाखवशीन, उद्या रुचिका म्हणीन मले बी दाखव." मी म्हटलं, दाखवीन. म्हणाले, "आन् रंगराव म्हणे का हे करायचंच नाही, तं? शिवरातीले लोकायले काय सांगू?" मी म्हटलं, तर भजन ठेवा. काकांनी पेटीचा भाता लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुह्या आत्यानं शिकवलं ना तुले वाचाले? तवाच म्हटलं."

मला भीती वाटते, आत्या. हे माझं पहिलं नाटक. मला आयुष्यात दुसरं काही नीट करता येत नाही, हेही येतं का ते माहीत नाही, आणि ते रंगमंचावर चढायच्या आधीच एका माणसाच्या "नाही"ने संपू शकतं. पण बाबांना तुकडे देऊन तुला आणायला पाठवणं मला जमणार नाही. बुधवारच्या गाडीत बसण्याआधी त्यांना सगळं ठाऊक असलं पाहिजे: मी काय लिहिलं होतं, तू मला काय सांगितलंस, तू त्या दिवशी ओट्यावर होतीस, आणि कोरी जागा कोणती आहे. तुझं पत्र मी त्यांना तुझ्या परवानगीशिवाय दाखवणार नाही. पण मैनेच्या तोंडून ते त्यांना कळेलच. नको असेल तर नरेंद्रदादाला मला फोन करायला सांग. मी थांबेन, पण मग सगळंच थांबवीन.

तू लिहिलंस, यायला सांगू नको. मी सांगत नाही. ते सांगणं माझं नव्हेच. तू थैली भरून ठेव किंवा ठेवू नकोस. एवढंच म्हणते की बुधवारी वाशिमकडून येणाऱ्या गाड्या तुला ऐकू येणार नाहीत, म्हणून जमलं तर ओट्यावर बस.

त्याच्या आदल्या दिवशी, बाजारातून परत आल्यावर, आईला घरी पाठवून, मोटार बंद करून, मी बाबांना पहिल्या पानापासून वाचून दाखवणार आहे. कोऱ्या जागेपाशी थांबणार आहे. मंगळवारी, ३ फेब्रुवारीला.

तुझी,
योगिनी